लेखणीची मिळकत आणि घरचा महिना

(खातेदारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "मॅडम, कथा-कादंबरीकारांच्या मिळकतीचं बँकेच्या मेळाव्यात काय काम?" प्रश्न बरोबर आहे. मी लेखिका नाही. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन बँकेत लागले आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन पानं वाचते, एवढाच माझा साहित्याशी संबंध. पण काउंटरवर बसलं की कळतं, आपल्या खातेदारांत लिहिणारी माणसं बरीच आहेत. कोणी शिक्षिका आहेत, कोणी टपाल खात्यातून निवृत्त झालेत, कोणी घर सांभाळून दिवाळी अंकासाठी कथा पाठवतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणारेही आहेत. त्यांच्या पासबुकात वर्षातून तीन-चार नोंदी लेखनाच्या असतात, बाकीचे महिने कोरे.

दुसरं कारण असं की, ही गोष्ट एकट्या लेखकाची नाही. शिवणकाम करणारी ताई, लग्नसराईत मंडप घालणारा, शिकवण्या घेणारा, शेतकरी, या सगळ्यांचा पैसा थांबून थांबून येतो आणि एकदम येतो. लेखकाच्या बाबतीत हे चढउतार सर्वांत मोठे असतात. त्यामुळे त्याचं घर कसं चालवायचं हे समजलं, तर बाकीच्यांनाही त्यातून घेण्यासारखं मिळेल.

आधी आकडे

समजा, तुमची कादंबरी प्रकाशकानं स्वीकारली. किंमत २५० रुपये, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के. एका प्रतीमागे २५ रुपये. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर १२,५०० रुपये. आवृत्ती संपायला दोन वर्षं लागली, तर वर्षाला ६,२५०. कादंबरी लिहायलाही दोन वर्षं लागली असतील, तर ते १२,५०० चोवीस महिन्यांच्या मेहनतीचे. महिन्याला ५२० रुपये पडतात.

हे ऐकून कोणी वही मिटून ठेवू नये. हा आकडा मी लेखन सोडावं म्हणून सांगत नाही. लेखन सुरू करताना घरखर्च त्याच्या डोक्यावर टाकू नये, एवढ्यासाठी सांगते. लहान मुलाला बाजारातून दोन पिशव्या आणायला सांगितल्या तर तो आनंदानं आणतो, पोतं दिलं तर रस्त्यात बसतो. पहिल्या पुस्तकाचंही तसंच आहे.

मोठ्यांनी काय केलं

आपल्याकडचे मोठे कथाकार पोटापाण्यासाठी काय करत होते ते पाहा. हरि नारायण आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था सांभाळली. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत नोकरीला होते. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला; त्या व्यवसायानं वकील आहेत. पुरस्कार मिळालेल्या पुस्तकातल्या कथा त्यांनी तीसहून अधिक वर्षांच्या काळात लिहिलेल्या आहेत. पुरस्काराची रक्कम ५०,००० पौंड, तीही लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी.

नोकरी किंवा व्यवसाय म्हणजे लेखनाशी तडजोड, असं तरुण मुलं म्हणतात. माझ्या हिशेबानं ती लेखनाला दिलेली शिष्यवृत्ती आहे. फक्त ती दुसऱ्या कोणी न देता आपण आपल्याला दिलेली असते.

प्रेमचंदांची गोष्ट याच्या दुसऱ्या बाजूची. १९२१ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९२३ साली बनारसला छापखाना काढला, १९३० साली 'हंस' मासिक सुरू केलं, पुढे 'जागरण' हातात घेतलं. लिखाण उत्तम चाललं होतं, पण छापखाना आणि नियतकालिकं तोटा खात होती. तो तोटा भरून काढावा म्हणून १९३४ साली ते मुंबईला चित्रपट कंपनीत वर्षाला ८,००० रुपयांवर गेले. ते काम मानवलं नाही आणि वर्षभरातच ते परतले. १९३६ साली 'गोदान' आली आणि त्याच वर्षी ते गेले. नोकरी सोडण्यामागे देशासाठीचा विचार होता, त्याला आपण हात जोडतो. हिशेबाच्या वहीत मात्र वेगळी नोंद होते: लेखन हा एक धंदा आणि छापखाना हा दुसरा. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात भांडवल. दोन्ही एकाच खिशातून चालवले की, दुसरा पहिल्याला खातो.

प्रत्येक वेळी असंच होतं असंही नाही. आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी १९३५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा संपर्क तुटला, तेव्हा त्यांनी म्हैसूरला स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि ती टिकली. म्हणजे स्वतः प्रकाशन करणं चूक नाही. पण त्यात उतरताना आपण लेखक म्हणून उतरतोय की दुकानदार म्हणून, हे स्वतःला विचारून उतरावं.

अण्णाभाऊ साठे यांचं नावही घ्यायला हवं. 'फकिरा' १९५९ ची. राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या लेखनाचे अनेक भाषांत अनुवाद झाले, आणि तरीही १९६९ साली ते गेले तेव्हा घरात हलाखीच होती. नाव झालं म्हणजे पैसा आला, असं लेखनात धरून चालता येत नाही.

आणि पैसा आला तर कधी येईल, तेही सांगता येत नाही. रायपूरचे विनोद कुमार शुक्ल कृषी विद्यापीठात शिकवत होते. 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही त्यांची कादंबरी १९९७ साली आली, १९९९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२२ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, आपल्याला पुस्तकांची रॉयल्टी फार थोडी मिळते. नंतर तीच कादंबरी नव्या प्रकाशकाकडून आली, तरुण वाचकांनी ती उचलून धरली आणि २०२५ साली सुमारे सहा महिन्यांच्या विक्रीपोटी त्यांना ३० लाख रुपयांचा धनादेश मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. पुस्तक तेच, शब्द तेच. मधे अठ्ठावीस वर्षं गेली. या अठ्ठावीस वर्षांत घर चालवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि अठ्ठावीस वर्षांनी धनादेश आपल्याच नावावर निघावा यासाठी करारनामा धड असावा लागतो. आजच्या भाषणातल्या दोन मुख्य गोष्टी याच.

पहिली गोष्ट: स्वतःला पगार द्या

एक काल्पनिक लेखिका धरू. वर्षभरात दिवाळी अंकांच्या सहा कथांचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे ९,००० रुपये. कादंबरीची रॉयल्टी १२,५००. एका कथेचे श्राव्य मालिकेसाठीचे हक्क दिले, त्याचे ६०,०००. दोन कार्यशाळांचे १०,०००. एकूण ९१,५००. वाईट नाही. पण ६०,००० आले एकट्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्यात घरी नवा फ्रिज आला, पाहुण्यांना अहेर झाले, मुलाला मोबाइल झाला. फेब्रुवारीत शाळेची फी भरायला उसने घ्यावे लागले. वर्षाची मिळकत पुरेशी होती. ती बारा महिन्यांत पसरली नाही, एवढंच झालं.

यावर उपाय सोपा आहे. बचत खाती दोन ठेवा. एक 'लेखनाचं', एक 'घरचं'. मानधन, रॉयल्टी, पुरस्कार, सगळं आधी लेखनाच्या खात्यात. तिथून दर महिन्याच्या ५ तारखेला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा. या लेखिकेनं महिना ५,००० ठरवले तर वर्षाचे ६०,००० होतात आणि ३१,५०० मागे राहतात. पगाराचा आकडा मागच्या तीन वर्षांतल्या सर्वांत कमी मिळकतीच्या वर्षावरून ठरवावा. चांगल्या वर्षावरून ठरवला तर पुढच्याच वर्षी तो मोडतो.

मागे राहिलेल्या रकमेतून आधी आणीबाणीचा निधी उभा करा. पगारदाराला सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा म्हणून सांगतो. अनियमित मिळकत असणाऱ्यानं नऊ ते बारा महिन्यांचा ठेवावा. सगळी रक्कम एकाच मुदत ठेवीत अडकवू नका. तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या चार ठेवी केल्या, तर गरज पडल्यावर एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

आवर्ती ठेव चांगलीच, पण तिला दर महिन्याला हप्ता लागतो आणि चुकला तर दंड पडतो. ज्यांचे महिने कोरे जातात त्यांनी तिचा हप्ता लहान ठेवावा आणि लांब पल्ल्यासाठी पीपीएफ पाहावं. तिथे वर्षात किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, तेही जमेल तेव्हा. कोऱ्या महिन्यात काही भरलं नाही तरी चालतं. मुदत १५ वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते.

लेखकाला निवृत्तिवेतन नसतं. अठरा ते चाळीस वयाचे आणि प्राप्तिकर भरत नसलेले असाल, तर अटल पेन्शन योजनेत सहा महिन्यांतून एकदा हप्ता भरण्याचीही सोय आहे. साठीनंतर, निवडाल त्याप्रमाणे, महिना १,००० ते ५,००० मिळतात. जोडीला दोन स्वस्त विमे घ्याच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत, अपघातासाठी दोन लाखांपर्यंत. आणि जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत, मृत्यूनंतर वारसाला दोन लाख. दोन्हींचा हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप जातो, तेव्हा मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक असू द्या.

पैसे भरून पुस्तक छापण्याविषयी

एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पन्नाशीकडे आलेले एक हिशेबनीस पत्नीला घेऊन सोनेतारण कर्जासाठी आले. कर्ज ६०,००० चं, सोनं पत्नीचं, कारण कादंबरी. "तुम्ही ६०,००० भरा, आम्ही ३०० प्रती छापतो, २०० रुपये किंमत ठेवू, विक्रीचे पैसे तुमचे," असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ३०० गुणिले २०० म्हणजे ६०,०००. पैसे परत आले, पुस्तक फुकटात झालं, असा त्यांचा हिशेब.

मी कागद पुढे ओढला. दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के सूट घेतात असं धरलं, तर एका प्रतीचे हातात १२० रुपये. म्हणजे ३०० प्रतींचे ३६,०००. एकूण एक प्रत विकली गेली, तरी २४,००० चा खड्डा, वर व्याज. शिवाय वीस-पंचवीस प्रती भेट म्हणून जाणार आणि काही माळ्यावर. पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "आणि बांगड्या सोडवायच्या कशातून?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

त्यांनी कर्ज घेतलं नाही. घरी बसून कादंबरी पुन्हा लिहिली, दोन प्रकाशकांकडे पाठवली, नकार आले. मग मागणीनुसार छपाई करणाऱ्याकडून ५० प्रती बचतीच्या पैशांतून करून घेतल्या. एका वाचनालयानं घेतल्या, नातेवाइकांनी विकत घेतल्या. आता दुसरी लिहिताहेत. बांगड्या हातात आहेत. मी त्यांना लिहू नका म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं ते इतकंच की, पहिल्या पुस्तकासाठी कर्ज नको, आणि घरातल्या दुसऱ्याच्या चीजवस्तूवर तर नकोच. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, रॉयल्टी येत नाही. आणि हप्त्याच्या धास्तीत जो लिहायला बसतो, त्याच्या हातून पुढचं पुस्तक होत नाही. लेखकाचं खरं नुकसान ते असतं.

दुसरी गोष्ट: करारनामा ही तुमची मालमत्ता

प्लॉटचा कागद आपण कपाटात कुलपात ठेवतो. कथेचा करारनामा मात्र वाचतही नाही, "छापताहेत हेच खूप" म्हणून सही करतो. कायदा मात्र कथेला मालमत्ताच मानतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. समजा, एखादा लेखक २०३० साली गेला, तर त्याच्या वारसांना २०९० अखेरपर्यंत मिळकत होऊ शकते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क तयार होतो.

सही करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहा. हक्क किती वर्षांसाठी दिले? करारात मुदत लिहिलीच नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. कोणत्या भूभागासाठी दिले? लिहिलं नसेल, तर भारतापुरते. कोणकोणते हक्क दिले? छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट, हे वेगवेगळे हक्क आहेत. एका ओळीत "सर्व हक्क" लिहून देऊ नका. रॉयल्टी किती, कशावर आणि कधी? छापील किमतीवर १० टक्के आणि प्रत्यक्ष वसुलीवर १० टक्के यांत बराच फरक पडतो. आणि विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळेल असं कलम आहे का? शिवाय, करारात वेगळं काही लिहिलं नसेल आणि घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो. हेही पुष्कळांना माहीत नसतं.

कराचंही थोडं. एका वर्षात एका प्रकाशकाकडून ५०,००० रुपयांहून जास्त रॉयल्टी मिळाली, तर १० टक्के टीडीएस कापून रक्कम येते. एकूण मिळकत करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळवता येतात. सोडून देऊ नका. जुनी करपद्धती निवडणाऱ्या निवासी लेखकाला साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट आहे. १९६१ च्या कायद्यात ते कलम ८० क्यूक्यूबी. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून सनदी लेखापालाला क्रमांक न सांगता 'पुस्तकाच्या रॉयल्टीची वजावट' असंच विचारा.

खात्याला वारसनोंद करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात. पण ही नोंद खात्यातल्या पैशांपुरती. पुस्तकांचे हक्क कोणाकडे जावेत, ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून ते होतं. नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र नसेल, तर हक्क वारसा कायद्याप्रमाणे वारसांकडे जातात.

फसवणुकीपासून सावध

लेखकाला कौतुक प्रिय असतं हे ठगांनाही ठाऊक आहे. "तुमच्या कथेला राष्ट्रीय पुरस्कार, नोंदणी शुल्क ४,९९९ भरा." "तुमच्या कादंबरीवर वेब मालिका होतेय, आधी करारशुल्क पाठवा." पुरस्कार देणारा पैसे देतो, मागत नाही. मानधन पाठवतो म्हणून कोणी क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर लगेच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसगत झालीच, तर लाजून घरी बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

नोकरी कधी सोडावी?

हा प्रश्न तरुण खातेदार हमखास विचारतात. त्याचं साहित्यिक उत्तर माझ्याकडे नाही, बँकेतलं आहे. लागोपाठ तीन वर्षं लेखनाची मिळकत घरखर्चाच्या निम्म्याहून जास्त असेल, बारा महिन्यांचा निधी बाजूला असेल, आरोग्य विमा स्वतःच्या नावावर असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल, तर घरच्यांशी बसून बोला. यातलं एक जरी नसेल, तर नोकरी करत सकाळी तासभर लिहा. तासाभरानं कादंबरी लांबेल, पण होईल.

इथून जाताना एवढं करा. लिहिणाऱ्यांनी या आठवड्यात लेखनाचं दुसरं खातं उघडावं, जुने करारनामे शोधून एका फाइलमध्ये लावावेत आणि वारसनोंद तपासावी. शिवणकाम, शिकवण्या, मंडप, शेती करणाऱ्यांनी करारनाम्याच्या जागी उधारीची वही धरावी; बाकी सगळं तेच. स्थायी सूचनेचा अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. भरताना काही अडलं तर मी तिथेच आहे.